आते तळवलीला गेली

चैत्र सरत आला की आमच्या इमारतीमागचा कडुलिंब फुलतो. फूल कसलं, पांढरा भुगाच तो. खाली लावलेल्या गाड्यांच्या काचांवर पडतो, जिन्यात येतो, चपलेला चिकटून घरात येतो. लोकांना तो वास गोड लागतो. मला आला की माझा आवाज आपोआप खाली जातो. सून म्हणते, "बाबा, जरा मोठ्यानं बोला, काय मागताय कळत नाही." एरवी मी बोलायला लागलो की शेजारी दारं लावून घेतात, असा माझा लौकिक. पण या पंधरा-वीस दिवसांत मी घरात कुजबुजतो. का, ते सुनेला सांगितलेलं नाही. सांगायला जावं तर मलाच ते अजून नीट उमगलेलं नाही.

या वर्षी ते जास्तच वर आलं. वैशाखात नातीची हळद आहे. आमच्या घरी लग्नाला धवलारीण बसते. ती गाण्यातून देवांना बोलावते, आणि देव झाले की घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. या, मांडवात बसा, तुमच्या पोरीचं लगीन हाय. एकाचं नाव राहिलं तर तो रुसतो. म्हणून नात वही घेऊन माझ्यापुढं बसली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. आजा, आजी, बापूस, आय, माझी बायको हिरा. मग मी थांबलो.

"अजून कोण, आजोबा?"

"आते," म्हटलं. "थांब. नको लिहू."

"म्हणजे त्या गेल्या नाहीत?"

"गेली ना."

"मग लिहू?"

ती पेन धरून माझ्याकडं बघत होती. मेलेल्यांच्या यादीत बसायला माणसाला रीतीनं मरावं लागतं. आतेला ते मिळालं नाही. मीच मिळू दिलं नाही.

आते म्हणजे माझ्या बापाची मोठी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, पोर नाही, म्हणून परत बापाच्या घरी आली. माझी आय मी रांगत असताना गेली, तेव्हापासून मी आतेच्या मांडीवर. बापही माझ्या लग्नाआधीच गेला. एकदा मी तिला आय म्हटलं तर तिनं माझा कान पिळला. "आय तुझी वर हाय. तिचा हक्क मना नको. मी आते." त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. मी हट्टी, आणि ती माझ्याहून.

आमचं गाव खाडीच्या काठाला. आज जिथं सेक्टर आणि नंबर आहेत तिथं तेव्हा भाताची शेतं, त्यापुढं मिठागर, आणि त्यापुढं चिखल आणि पाणी. पावसाळ्यात भात, नंतर मीठ, असं आमचं वर्ष दोन तोंडांचं. होळीनंतर मिठाचा खरा जोर. कुंड्यांतलं पाणी आटत आटत गुलाबी व्हायचं, वर साय धरायची, आणि एका सकाळी फळी ओढली की खालून मीठ खरखर बोलायचं. उन्हात ते बघवत नसे. डोळे बारीक करकरून आमच्या सगळ्यांच्या कपाळाला लहानपणीच आठ्या पडलेल्या. पायांच्या भेगांत मीठ जायचं, आणि आते म्हणायची, "बरा हाय. माणूस खारवला की टिकतो." साठी उलटली तरी ती डोक्यावर मिठाची पाटी घेऊन फळीवरून चालायची, हात न लावता.

पण पाच गावांत तिचं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. आते रडायची. कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला निरोप आतेला. ती हातातलं काम टाकून जायची, मढ्याच्या उशाशी बसायची, पदर डोळ्यांवर ओढायची आणि हेल काढायची. इतर बाया तिच्या मागून. नुसती हाय हाय नव्हती ती. त्या माणसाचा सगळा जन्म ती त्यात ओवायची, चांगलं आणि वाईट दोन्ही. एका तापट म्हाताऱ्याच्या उशाशी बसून तिनं हेल काढला तो मला अजून आठवतो. "कालवनात मीठ जास्ती झाला म्हनून ताट फेकलंस रं दादूस, अंगनाच्या पार फेकलंस. उठ ना आता, फेक ना. बघ तुझी म्हातारी ताट घेऊन उभी हाय." लोक रडता रडता हसत होते, आणि ती म्हातारी, जी सकाळपासून दगडासारखी बसली होती, ती तेव्हा कुठं फुटली. आते म्हणायची, आपलं काम तेवढंच. गाठ सैल करून द्यायची, पुढं पाणी आपलं आपण वाहतं.

तिला एकच काळजी होती. "माझ्या येळेला कोन रडंल रं? ह्या बायांना काय येतं? नुसत्या हंबरतात." माझ्या बायकोला म्हणायची, "हिरे, शिक गो माझ्याकडनं. नाय तर मी मुकीच जाईन."

हिरा भाकरी थापत म्हणायची, "तुम्ही आधी मरा तरी. मग बघते."

दोघी हसायच्या. मला ते हसणं आवडायचं नाही, पण बाया बोलत असताना मी मध्ये पडत नसे.

आता माझी चूक सांगतो. सांगायला साठ वर्षं लागली, पण सांगतो. आते गेली त्याच्या आधीच्या थंडीत बांधावरून सायकल हातानं ढकलत एक टोचणारा आला होता. देवीची लस टोचायला, घरोघर. मी तेव्हा पंचविशीचा, तिसरी पास, अंगात मस्ती. तो मला म्हणाला, "तुम्हा लोकांना काही कळत नाही." तो गोड बोलला असता तर मी दिला असता माझा दंड आणि पोरीचाही. पण तो तसं बोलला आणि मी म्हटलं, "नाय टोचायचा. निघ." माझी यमुना चार वर्षांची, दारात उभी राहून सायकलीची घंटा बघत होती. तो गेला. गावातली बरीच पोरं त्यानं टोचली. माझी राहिली.

लिंब फुलला आणि यमुनेला ताप आला. तिसऱ्या दिवशी अंगावर मोत्यांसारखे दाणे. ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांना सांगतो, देवी हा आमच्याकडं रोग नव्हता. घरात आलेली पाहुणी होती ती, आणि पाहुणी रागीट. तिच्या सेवेची जाणती बाई म्हणजे आमच्या गावातली धाकलीबाय. तिनं दाराला लिंबाचे डहाळे बांधले आणि नेम सांगितले. फोडणी नाही. तेल नाही. उंबऱ्याच्या आत परका नाही. घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, ती तापते. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नेम, डोळ्यांतून पाणी नाही. पाहुणी बसली असताना घरात रडं झालं तर ती रुसून उठते, आणि जाताना हात रिकामा नेत नाही.

पोरीजवळ बसायचं कुणी? आते म्हणाली, "मी. माझी नि तिची जुनी वळख हाय." आतेच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते. एकदा येऊन गेली की ती त्याच माणसाकडं परत येत नाही, एवढं आम्हांलाही ठाऊक होतं. पाच दिवस, पाच रात्री ती बसली. लिंबाच्या पाल्यानं वारा घालायची, ओल्या फडक्यानं ओठ भिजवायची. जिनं जन्मभर मोठ्यानं हेल काढले ती पाच दिवस कुजबुजत होती. आणि पोरीला सरळ नावानं हाक नाही. "बाय, पानी घ्या. बाय, कूस बदला." अंगात पाहुणी बसलेली, म्हणून चार वर्षांच्या पोरीला अहो-जाहो.

सहाव्या दिवशी सकाळी मी आत गेलो तर आते भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर पाण्याची वाटी, वाटीत पाणी तसंच. मला वाटलं डोळा लागला. मी वाटी उचलायला हात लावला, तिचा हात गार होता. बाहेर ऊन कडक आणि हात गार.

हिरानं दारातून बघितलं. तिनं तोंड उघडलं आणि मी धावत जाऊन तिच्या तोंडावर तळहात दाबला. माझ्या बोटांवर तिचे दात उमटले. तो हात मी आजही बघतो. बायकोचं रडू मी हातानं परत आत कोंबलं.

धाकलीबाय आली. तिनं आतेकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. पोर अर्ध्या झोपेत कण्हत होती. धाकलीबायनं आम्हांला परसात नेलं.

"हितं काय झालंच नाय," ती म्हणाली. "समजला? म्हातारी गावाला गेली. पाहुनीला मौत कळता कामा नये."

"आग?"

"विस्तव घरातनं कसा नेशील? माती दे. खाडीकडं."

"आणि बाया? पाच गावच्या बाया येतील, आते हाय ती."

"एक नाय येनार. तुला म्हातारी पायजे का पोर पायजे, बोल."

मी म्हटलं, पोर.

दुपारी गाव मिठागरात असताना शेजारचा विठू बैलगाडी घेऊन आला. मढं आडवं न्यायचं नाही, दिसायला नको. आम्ही आतेला धुतलेलं लुगडं नेसवलं, गाडीत पेंढ्याला टेकून बसवली, पदर कपाळापर्यंत ओढला. हुबेहूब माहेरवाशीण. आणि धाकलीबाय मला म्हणाली, "आता बोल. पाहुनी आयकते. बोल, म्हनजे तिला खरा वाटंल."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. आत माझी पोर, बाहेर गाडीत माझी आते. आणि मी बोललो, चांगलं खणखणीत बोललो, हसरा आवाज काढून. "आते, सांभाळून जा गो! तळवलीला पोचलीस की निरोप धाड! लौकर ये, पोरगी वाट बघंल!"

तळवलीच का म्हणालो, माहीत नाही. तिथं आमचं कुणी नव्हतं. तोंडाला आलं.

आतून यमुना म्हणाली, "आते, पानी."

हिरा म्हणाली, "मी देते हं बाय. आते आली की ती देईल."

बैल निघाले. गाडी खड्ड्यात गेली की आतेचं डोकं हलायचं, होय होय म्हटल्यासारखं.

बांधाच्या पलीकडं उंचवट्यावर आम्ही दोघांनी खड्डा घेतला. तिथली माती काळी, दोन हात खाली गेलं की खारं पाणी पाझरायला लागतं. विठू म्हणाला, "रड रं. हितं कोन आयकतंय?" मी म्हटलं, वारा बघ. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा खाडीवरून गावाकडं वाहतो. मी तिथं हेल काढला असता तर तो थेट माझ्या दारात गेला असता. मी माती लोटली, हात धुतले, आणि घरी येऊन पोरीला वारा घालायला बसलो. अंघोळ केली की नाही तेही आठवत नाही.

चार दिवसांनी दारात एक माणूस आला. डहाळे बघून अंगणातच थांबला. "आते हाय का? आमची म्हातारी गेली, रडायला बोलावलंय."

पोर जागी होती. मी आतूनच म्हटलं, "आते तळवलीला गेलीय."

"आं? मी तळवलीवरनंच आलो ना."

मी म्हटलं, "मग चुकामूक झाली असंल."

तो बिचारा डोकं खाजवत गेला. वाटेत त्यानं भेटेल त्याला विचारलं, आते दिसली का. तळवलीत तिची वाट बघून शेवटी त्यांनी मढं तसंच उचललं. पुढं कित्येक महिने मला लोक विचारायचे, तुझी आते तेव्हा गेली कुठं? मी म्हणायचो, वारली. ते म्हणायचे, कधी? आम्हांला कळवलं नाही? काही जण रागावले. एका म्हातारीनं मला तोंडावर सांगितलं, "तिनं माझ्या नवऱ्याला रडला, माझ्या दोन पोरांना रडला. आणि तू तिला कुत्र्यासारखी पुरलीस." मी गप्प बसत नाही, पण तिथं बसलो.

यमुना उठली. एकविसाव्या दिवशी पाहुणीला दहीभात देऊन बोळवलं, डहाळे पाण्यात सोडले, घरात पहिली फोडणी पडली. त्या फोडणीच्या चरचरीला मला पहिल्यांदा वाटलं, आता. आता रडता येईल. मी धाकलीबायकडं गेलो. म्हटलं, बायांना बोलव, आतेसाठी बसू दे, मी दहा दिवस सुतक धरतो. ती माझ्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. "समोर मढं नाय आनि रडं काढतोस? रिकाम्या दारात रडला तर दुसरा मढं येतं. शिळं रडं घरात आनू नको. आताच पोर उठलीय तुझी." मी चार घरं फिरलो. कुणी आली नाही. पेरणीचे दिवस आले. नंतर भात. नंतर परत मीठ. असं ते राहिलं ते राहिलंच.

इथून पुढं माझं डोकं चालत नाही. मी खूप वेळा मांडून बघतो. देवी खरी होती, तर मी बरोबर केलं. पोर वाचली, आतेनं तिच्यासाठी आपलं रडं दिलं, हिशेब संपला. पण मग टोचलेल्या पोरांकडं ती का गेली नाही? आणि तो नुसता रोग होता, टोचणारा म्हणत होता तसा, तर मी उंबऱ्यात उभा राहून कुणाला ऐकवत होतो? आणि आता तर म्हणतात, ती जगातूनच गेली, औषधालासुद्धा शिल्लक नाही. गेली तर गेली. पण मला दिलेला नेम मागं ठेवून गेली. तो सोडवायला कुणाकडं जायचं? मी देवाला मानतो. लसही मानतो, पुढच्या सगळ्या पोरांना मी स्वतः रांगेत उभं राहून टोचून आणलं. दोन्ही मानणारा माणूस मधल्यामध्ये कुठं उभा राहतो, ते मला कुणी सांगितलं नाही. मी शिकलेला नाही. शिकलेल्यांना विचारलं, ते हसले.

तो उंचवटाही गेला. जमिनी गेल्या, मिठागर बुजलं, वर रस्ता झाला. मी त्या रस्त्यावरून बसनं वाशीला जातो तेव्हा अंदाजानं एका जागी पाय उचलून धरतो. अंदाजच तो. कदाचित रोज चुकीच्या जागी उचलत असेन.

तर नातीची वही. त्या रात्री मी ठरवलं, लग्नघरात मागचं सुतक उरलेलं चालत नाही. आधी ते फेडायचं. सकाळी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, साठ वर्षांपूर्वीचं सुतक? लोक हसतील." मी म्हटलं, हसू दे. त्यानं भटजीला फोन लावला. भटजी म्हणाले, एवढ्या जुन्या सुतकाला एक अंघोळ पुरे.

"एक अंघोळ?" मी म्हटलं. "मोटार धुतात तशी? मी दहा दिवस धरनार."

"बाबा, पत्रिका वाटायच्या आहेत."

"वाट तू. मी बसतो कोपऱ्यात. तुमची हळद अजून वीस दिवसांवर हाय."

मुलगा बडबडत गेला. सुनेनं मात्र माझ्यापुरती चटई खाली घातली.

मग मी खाली गेलो, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं. पोरगेला नाही, चांगला पन्नाशीचा, उत्तरेकडचा माणूस. म्हटलं, डोकं उतरव. त्यानं आरशातून बघितलं. "चाचा, कोण वारलं?"

"आते."

"अरेरे. कधी?"

मी म्हटलं, "साठ वर्षं झाली." त्याचा वस्तरा हवेत थांबला. मग त्यानं माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं. पाहुणी होती त्या दिवसांत घरात वस्तराही आणायचा नव्हता, मी केसाळच राहिलो होतो. डोकं झाल्यावर तो म्हणाला, "मिशी तर फक्त आई-बापासाठी काढतात. राहू द्यायची ना?"

मी आरशात बघत राहिलो. आते असती तर कान पिळला असता. म्हटलं, "काढ."

तिसऱ्या दिवशी यमुना आली. तिला कळंबोलीला दिलेली, तिचीच साठी उलटली आहे, तोंडावरचे वण सुरकुत्यांत मिसळून गेलेत. भावानं तिला बोलावलं असणार, बाबांना समजाव म्हणून. ती दारात आली, मला बघितलं आणि आधी फसकन हसली. जन्मात मला तिनं बिनमिशीचा बघितला नव्हता. मग तिनं चटई बघितली. हसू गेलं.

"बाबा, कोण गेलं?"

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळ्या जगाला मी सांगितलं होतं, आते वारली. हिला नाही. ही चार वर्षांची असताना मी हिच्या उंबऱ्यातून खोटं बोललो, आणि मग रोज "उद्या येईल" म्हणत राहिलो, आणि एक दिवस हिनं विचारायचं सोडलं. हिला आपोआप कळलं असेल, कळतंच. पण मी सांगितलेलं नाही. सांगावा पोचवायचा राहिला तो नेमका हिचाच, जिच्यासाठी तो दाबला.

कुजबुजू नको, मी स्वतःला म्हटलं. आणि चांगल्या मोठ्या आवाजात बोललो.

"यमे, तुझी आते गेली."

मला वाटलं, म्हणेल बाबांचं डोकं फिरलं. ती उंबऱ्यातच खाली बसली. पिशवी हातातून सोडली. आणि ताजं मरण ऐकल्यावर विचारतात तसंच विचारलं, "कधी?"

"सकाळी. तुझ्या उशाशी बसली होती. वाटी मांडीवर होती."

यमुनेनं पदर हळूहळू डोळ्यांवर ओढला. आत सून स्वयंपाकघरात होती, नात फोनवर बोलत होती, दारं-खिडक्या सगळ्या सताड उघड्या होत्या. तिचे खांदे हलायला लागले. तिनं एकदा पदराआडून माझ्याकडं बघितलं, परवानगी मागावी तसं.

रड, असं मी म्हणालो नाही. नको, असंही म्हणालो नाही.